वॉर रूममधला गुरुवार

हा दिवस २२ एप्रिल २०२१ चा. मी मुंबई महापालिकेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. कोविडच्या त्या दिवसांत शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरत होती आणि माझी नेमणूक उपनगरातल्या एका वॉर्ड कार्यालयात, वॉर रूममध्ये होती. नाव मोठं भारदस्त. खोली म्हणाल तर बैठकीची. लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं फोन, चार संगणक आणि भिंतभर चिकटवलेले नंबर.

ही व्यवस्था का आली ते आधी सांगते. २०२० च्या मे महिन्यात लोक रुग्णाला गाडीत घालून या दारातून त्या दारात फिरत होते. कुठे खाट आहे हे कुणालाच माहीत नसे. जूनमध्ये पालिकेनं २४ वॉर्डांत २४ वॉर रूम काढल्या. तपासणीचे अहवाल पालिकेकडे यायचे, पत्त्यांनुसार वॉर्डांत वाटले जायचे, वॉर्डातून रुग्णाला फोन जायचा. खाट लागणार असेल तर वॉर्डातला डॉक्टर ठरवणार, कुणाला कुठली. म्हणजे रांग एकच आणि ती आमच्या टेबलावर. आयुष्यभर कुणाच्या तरी ओळखीनं काम करून घेतलेल्या शहराला असल्या रांगेवर विश्वास ठेवायला सांगणं, हेच खरं तर आमचं काम होतं. फोन उचलणं त्या मानानं सोपं.

पहाटे ४.४५

डोंबिवली. पोळ्या रात्रीच करून ठेवलेल्या, भाजी तेवढी गरम केली. सासूबाई जाग्या होत्या. त्यांचा लशीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता. दुसऱ्यासाठी केंद्रावर गेलं की दारावर ‘लस उपलब्ध नाही’ असा कागद. “आज तरी येईल का गं?” हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न. मी “बघते” म्हणाले आणि दुसरा मास्क पहिल्यावर चढवला.

५.४०

स्टेशनच्या दारात पोलीस ओळखपत्रं बघत होते. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते आणि लोकल अत्यावश्यक कामाच्या माणसांपुरती. माझ्या पुढे एक बाई पोलिसाशी वाद घालत होती. तीन घरची धुणीभांडी करते म्हणत होती. “त्यांच्या घरी माझ्याशिवाय चालत नाही, मग मी अत्यावश्यक नाही का?” पोलिसाकडे उत्तर नव्हतं आणि तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं. ती परत गेली.

डोंबिवलीला चढून खिडकीची जागा मिळाली. मध्य रेल्वेनं रोज जाणाऱ्याला एवढं सांगितलं तरी काळ किती वाईट होता ते कळेल. डब्यात परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे दोन वाहक. बोलत कुणीच नव्हतं, पण प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच बातमी होती. आदल्या दिवशी, रामनवमीला, नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि २२ रुग्ण दगावले.

६.५०

रात्रपाळीचा डॉक्टर हजेरीच्या वहीवर डोकं टेकून बसला होता. नुकताच एमबीबीएस झालेला मुलगा, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं दोन याद्या माझ्यासमोर सरकवल्या. एक ऑक्सिजनच्या खाटेसाठी थांबलेल्यांची, दुसरी अतिदक्षतेसाठी थांबलेल्यांची. दुसरी लांबीनं लहान, पण रात्रभरात तिच्यातलं एकही नाव खोडलं गेलं नव्हतं. त्यात एक नाव ७१ वर्षांच्या आजींचं. घरी भाड्याच्या सिलिंडरवर, रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्के. “मुलाला दर दोन तासांनी फोन करा, बाई,” तो म्हणाला, “देण्यासारखं काही नसलं तरी करा.”

मुंबईतला आकडा खरं तर उतरू लागला होता. ४ एप्रिलला एका दिवसात अकरा हजारांवर रुग्ण निघाले होते. आता सात हजारांच्या आसपास. पण आज पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला धाप लागायची तर पुढच्या आठवड्यात लागते आणि अतिदक्षतेत गेलेला माणूस खाट दोन-दोन, तीन-तीन आठवडे सोडत नाही. आकडा उतरल्याच्या बातमीनं बाहेरच्यांना हायसं वाटत होतं तेव्हा आमच्या याद्या सर्वांत लांब होत्या.

८.००

सकाळची यादी आली की दोन तास डोकं वर निघत नसे. नाव, वय, पत्ता खरा आहे का, ताप कधीपासून, मधुमेह आहे का, रक्तदाब, घरात माणसं किती, संडास घरात की सार्वजनिक. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटे. पण घरी वेगळं राहायचं तर वेगळी खोली आणि वेगळा संडास हवा आणि आमच्या वॉर्डातल्या निम्म्या घरांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्यांना विलगीकरण केंद्रात पाठवायचं. त्यावर उत्तर ठरलेलं: “मॅडम, मला काहीच होत नाहीये, मी तिथं जाऊन आजारी पडेन.”

चाळीतले ५८ वर्षांचे एक काका असंच म्हणाले. आवाज ठणठणीत, पण वाक्य तीन तुकड्यांत येत होतं. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यांना एक युक्ती शिकवली होती: एका श्वासात आकडे मोजायला सांगा. गणिताच्या बाईंना ही आवडली नसती तरच नवल.

“काका, एकपासून मोजा. थांबायचं नाही.”

“शाळा घेताय का?”

“हो, घेतेय. मोजा.”

ते नऊपर्यंत गेले, थांबले, दम घेतला आणि पुन्हा एकपासून सुरू करायला लागले. मागून काकूंचा दबका आवाज आला, “रात्रभर बसून आहेत हो. सांगू नकोस म्हणाले.” मी आरोग्यसेविकेला ऑक्सिमीटर घेऊन धाडलं. ८६. काका चालत दारापर्यंत आले होते म्हणे तिला सोडायला. या आजारात माणूस बऱ्याचदा असा बोलता-चालता राहतो, त्यामुळे घरचेही निर्धास्त राहतात. जंबो केंद्रात, म्हणजे पालिकेच्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयात, ऑक्सिजनची खाट होती, एक वाजेपर्यंत ते तिथं पोचले.

एवढं लवकर काम व्हायचं कारण, ते लवकर सापडले. ज्यांनी आठव्या दिवसापर्यंत काढा, वाफारा आणि ओळखीच्या कंपाउंडरचं इंजेक्शन यांवर काढलं होतं, त्यांच्यासाठी आमच्याकडे फक्त यादीतला क्रमांक असायचा. त्या आठवड्यात कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा निरोप घराघरांत फिरत होता. एका आजोबांचा मुलगा मला अभिमानानं सांगत होता की पुरचुंडीनं ८८ चे ९१ झाले. बोट चोळून गरम केलं की तेवढा फरक नुसत्या यंत्रातही पडतो. मी त्याला हे सांगत बसले नाही. पुरचुंडी असू द्या, पण पालथं झोपवा आणि गाडी येतेय, एवढंच म्हणाले. वाद घालून जिंकण्याची ती वेळ नव्हती.

१०.१५

या वेळेला फोनचा नूर बदलतो. किराणा-भाजीची दुकानं तेव्हा सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी होती, त्यामुळे अकराच्या आधी चौकशीचे फोन. इमारतीत पाचांपेक्षा जास्त रुग्ण झाले की फलक लागायचा, आत-बाहेर बंद. सेक्रेटरी लोकांचा जीव त्या फलकात अडकलेला. “मॅडम, सहावा पेशंट आमच्यात धरू नका, तो भाडेकरू आहे.” एक गृहस्थ विचारत होते की वडील पॉझिटिव्ह आहेत, पण फलक लावायचाच असेल तर मागच्या फाटकाला लावता येईल का.

मला हसू येत होतं आणि लगेच ओसरतही होतं. फलकाची भीती खरी होती. फलक लागला की दूधवाला येत नाही, कामवाली बाई येत नाही, आणि मुलीच्या स्थळाची बोलणी चालू असतील तर तीही थांबतात. लोक आजाराइतकेच शेजाऱ्यांना घाबरत होते. म्हणून ताप आला तरी चाचणी करायची नाही आणि चाचणी नाही म्हणजे आमच्या यादीत नाव नाही. वरून हुकूम काढणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला होता असं मला वाटत नाही. रस्त्यावरच्या गाड्या ओळखायला पोलिसांनी काढलेल्या रंगीत स्टिकरांमागेही असाच हिशोब नव्हता. डॉक्टरांच्या गाड्यांना लाल, भाजी-किराण्याला हिरवं, इतर अत्यावश्यक कामाला पिवळं. त्यावर एका तरुणानं मुंबई पोलिसांना ट्विटरवर विचारलं की मैत्रिणीला भेटायला जायचंय, कुठला रंग लावू? पोलिसांनीही त्याला गोड शब्दांत नकार दिला आणि ते उत्तर सगळ्या देशानं वाचलं. आठवडाभरातच ती स्टिकरं मागे घेतली गेली. निर्बंधांवर एवढं हसणं बरं. त्या हसण्यानं कुणी बाहेर पडलं नाही.

११.२०

एका लहान नर्सिंग होमच्या डॉक्टरांचा फोन. नमस्कारसुद्धा नाही. “माझ्याकडे दोन तासांचा ऑक्सिजन आहे. सिलिंडरवाला फोन उचलत नाही. मी पेशंट कुठे पाठवू?”

हा फोन आला की खोलीतले सगळे उठतात. कारण गेल्याच शनिवारी, १७ एप्रिलला, पालिकेच्या सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन पुरणार नाही म्हणून १६८ रुग्ण रातोरात दुसरीकडे हलवावे लागले होते. ते सगळे सुखरूप पोचले, पण त्या रात्री रुग्णवाहिकांची जुळवाजुळव करणाऱ्या आमच्या अभियंत्याच्या हाताची थरथर दोन दिवस गेली नव्हती.

इथे गणित सांगते, कारण तेव्हा ते कुणी लोकांना सांगितलं नाही. मोठा, ज्याला जंबो म्हणतात तो सिलिंडर, त्यात साधारण सात हजार लिटर वायू मावतो. साध्या मास्कवर मिनिटाला पाच लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो जवळपास दिवसभर पुरतो. पण फुप्फुसं भरत गेली की नाकातून जोरानं ऑक्सिजन सोडणारं यंत्र लावतात, ते मिनिटाला साठ लिटरपर्यंत ओढतं. भागाकार करा. तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा. म्हणजे एक रुग्ण बिघडला की बारा रुग्णांचा ऑक्सिजन एकटा घेतो. राज्यात ऑक्सिजन बनवण्याची ताकद दिवसाला साडेबाराशे टनांच्या आसपास, सगळी दवाखान्यांकडे वळवलेली, आणि गरज पंधराशे टनांच्या वर गेलेली. खाटा वाढवता येत होत्या, मैदानात मांडव घालून वाढवल्याही. ऑक्सिजन मांडव घालून वाढत नाही.

अभियंत्यानं तीन फोन केले. ऑक्सिजनचं पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून शेजारच्या वॉर्डातले सहा सिलिंडर टेम्पोत चढले. तोवर सर्वांत जास्त ऑक्सिजन ओढणारे दोन रुग्ण हलवायचे ठरले. त्यातल्या एकाच्या नातेवाइकानं सही द्यायला नकार दिला: “इथं आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत.” ते ओळखीचे डॉक्टरच हात जोडून त्याला सांगत होते की बाबा, घेऊन जा.

टेम्पो पाऊणला पोचला.

१२.५०

ओळखीचे फोन साधारण जेवणाच्या वेळेला येतात. मोठ्या माणसांची सकाळ तेव्हा संपत असावी.

“मी साहेबांच्या ऑफिसमधून बोलतोय. एक नाव लिहून घ्या.” रुग्ण ४२ वर्षांचा, ऑक्सिजन ९७, छातीच्या स्कॅनचा गुण २५ पैकी ६. नामांकित खासगी रुग्णालयात अतिदक्षतेची खाट हवी. मी फोन डॉक्टरकडे दिला. तो शांतपणे म्हणाला की यांना खाटेची गरज नाही, घरी राहून दिवसातून चारदा ऑक्सिजन बघा. पलीकडून आवाज चढला. मग पुन्हा माझ्याकडे फोन. “तुमचं नाव काय, मॅडम?”

मी नाव सांगितलं, शाळेचंही सांगितलं. शाळेचं नाव ऐकून ते गोंधळले. शिक्षिकेची बदली कुठे करायची, हे त्यांना चटकन सुचलं नसावं.

असे फोन फक्त वरच्यांचे येत असं नाही. नगरसेवकाचा माणूस, मंडळाचा कार्यकर्ता, पोलीस ठाण्यातला हवालदार, आमच्याच शिपायाचा मेहुणा, सगळे कुणासाठी तरी शब्द टाकत होते. त्यातले कितीतरी शब्द अगदी खऱ्या गरजेसाठी होते. एका कार्यकर्त्यानं वस्तीतले तीन म्हातारे वेळेवर गाडीत घातले नसते तर त्यांची नावं आमच्यापर्यंत पोचलीच नसती. म्हणून ओळख हा शब्द मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण रांगेत एक माणूस मधे घुसला की मागे कोण सरकतं ते मला समोरच्या कागदावर दिसत होतं. मागे सरकणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

रेमडेसिविरचेही फोन याच वेळचे. “सहा इंजेक्शनं लिहून दिलीत, कुठे मिळतील?” जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांना ते देण्याची शिफारस करत नाही असं सांगितलं होतं. तरी चिठ्ठी हातात पडली की मुलगा शहरभर पळतो आणि दहापट पैसे मोजतो. पळणाऱ्याला मी दोष देत नाही. बाप आत आहे आणि बाहेर करण्यासारखं एवढंच काम त्याला कुणीतरी दिलंय.

१.४०

डबा जिन्यात, एकेकटीनं. मास्क काढायचा म्हणून.

२.३०

न्यू जर्सीहून फोन. तिथं पहाटेचे पाच वाजलेले. मुलगी मराठीत सुरू करते, घाईत इंग्रजीत जाते, पुन्हा मराठीत येते. आईवडील दोघंच फ्लॅटमध्ये, दोघंही पॉझिटिव्ह, वडिलांचा ऑक्सिजन ९२. “बाबा म्हणतात ९२ म्हणजे फर्स्ट क्लास.” ते निवृत्त मुख्याध्यापक निघाले. मी थेट त्यांनाच फोन लावला.

“सर, मीही शिक्षिका आहे. या विषयात ९४ ला पास.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. “मग मी नापास?”

“आत्ता पुरवणी परीक्षा आहे. गाडी पाठवते.”

“हिला एकटीला ठेवून?”

खरी अडचण ही होती. दोघांना एकाच केंद्रात खाटा मिळवायला तासभर गेला; काकूंना त्या क्षणी ऑक्सिजनची गरज नव्हती, पण ७० वर्षांच्या पॉझिटिव्ह बाईला बंद इमारतीत एकटं सोडणं डॉक्टरांना पटेना. नियमात बसवायला त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. रुग्णवाहिका म्हणून आली ती बेस्टची छोटी बस, आतली बाकं काढलेली. सरांनी निघताना गॅस बंद केला का, हे विचारायला मुलीचा न्यू जर्सीहून पुन्हा फोन.

दहावीची परीक्षा दोनच दिवसांपूर्वी रद्द झाली होती. सर गाडीत बसता बसता त्याबद्दल मला ऐकवत होते, दम लागेपर्यंत.

४.१०

माझी पाळी तीनला संपायची. ज्या आजींचं नाव सकाळी पाहिलं होतं, त्यांच्यासाठी थांबले. नऊला, अकराला, एकला त्यांच्या मुलाला फोन केला होता. तिन्ही वेळा “अजून नाही” एवढंच सांगायला. तिसऱ्या वेळी तोच मला म्हणाला, “तुम्ही जेवलात का?”

चारला एका रुग्णालयाच्या नावापुढे अतिदक्षतेची एक खाट मोकळी दिसली. अशी खाट मोकळी होण्याची कारणं दोनच असतात आणि त्या दिवसांत आम्ही कारण विचारत नव्हतो. डॉक्टरनं आजींचं नाव टाकलं. मी फोन लावला.

“खाट मिळाली. गाडी दहा मिनिटांत.”

“आता नको, मॅडम,” तो म्हणाला. “अर्धा तास झाला.” आणि मग, “दुसऱ्या कुणाला तरी द्या. लवकर द्या.”

यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाचव्या मिनिटाला गाडीचा पत्ता बदलला होता. हे लिहिताना कठोर वाटतं, पण त्या खोलीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

५.४५

परतीची लोकल. झोप.

८.००

रात्री आठला नवे निर्बंध लागू झाले. सरकारी कार्यालयांत १५ टक्के हजेरी, लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत, मोडलं तर ५० हजार दंड, जिल्ह्याबाहेर कारणाशिवाय जायचं नाही. आमच्या इमारतीच्या खाली, अंतर राखून, सात-आठजण उभे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न पुढच्या बुधवारी. दोन्हीकडचे मिळून २५, त्यात भटजी, फोटोग्राफर आणि वाढपी धरायचे की नाही, यावर खल चालला होता. मुलीचे वडील गेले आठ दिवस यादी कापत होते आणि आता सख्ख्या भावंडांवर आले होते. “मावशीला बोलावलं तर आत्याला काय सांगू?” त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरचे काका वैतागून म्हणाले, “हे सगळे आकडे फुगवलेत. दुकानं बंद ठेवून रोग जातो का? तुम्ही तर तिथं असता, सांगा खरं.”

मी त्यांना सिलिंडरचं गणित सांगितलं. सात हजार लिटर, पाच लिटर, साठ लिटर. समजा ऑक्सिजन बारा जणांपुरता आहे आणि पुढच्या आठवड्यात आपल्या वॉर्डात तेरा जण बिघडले, तर तेराव्याला काय द्यायचं? दुकान बंद करून रोग जात नाही. तेरावा माणूस या आठवड्याऐवजी पुढच्या महिन्यात आजारी पडतो, तेव्हा सिलिंडर मोकळा असतो. बंदीचा सगळा अर्थ एवढाच. देशात आदल्या २४ तासांत ३,१४,८३५ रुग्ण नोंदले गेल्याचं त्या सकाळी जाहीर झालं होतं. तोवर जगात कुठल्याच देशात एका दिवसात इतके निघाले नव्हते. एवढ्या आकड्यानं कुणाला काही कळत नाही. तेराव्या माणसाचं कळतं. सरकारनं आदेशांची पानंच्या पानं काढली, कलमं-उपकलमं घातली. एका पानावर हा भागाकार छापून घरोघर वाटला असता तर निम्मे वाद तिथेच मिटले असते, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. हातावर पोट असलेल्या पहाटेच्या त्या बाईला मात्र हा भागाकार सांगण्याआधी धान्य आणि पैसे द्यायला हवे होते. फेरीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना दीड हजार रुपये जाहीर झाले होते, तेही नोंदणी असेल तर. धुणीभांडी करणारीची नोंदणी कुठे शोधायची?

काकांनी गणित लक्ष देऊन ऐकलं. पटलंही असावं, कारण त्यांनी मास्क नाकावर ओढला. मग सगळे पांगल्यावर मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “उद्या आमच्यापैकी कुणाला लागलीच खाट, तर तुमच्याकडून होईल ना?”

“इकडे कल्याण-डोंबिवलीच्या हेल्पलाइनला फोन करा, काका. लवकर करा, ९४ च्या खाली गेल्या गेल्या.”

“हो हो,” ते समजूतदारपणे हसले. “तुम्हाला असंच सांगावं लागत असणार.”

१०.३०

बातम्यांत नाशिक, पुन्हा नाशिक. कळंबोलीहून १९ तारखेला निघालेल्या ऑक्सिजन एक्सप्रेसचे सात टँकर विशाखापट्टणमला भरून त्या रात्री परतीला लागले होते. जाताना त्या गाडीला घाट टाळून वसई, सूरत, जळगाव, नागपूर असा वळसा घ्यावा लागला, कारण डब्यावर चढवलेल्या टँकरची उंची वाटेतल्या बोगद्यांत बसत नव्हती. सासूबाईंनी विचारलं की सात टँकर किती दिवस पुरतील. शंभर-सव्वाशे टन धरले तरी राज्याची दोन तासांची गरज. मी त्यांना “पुरतील” म्हणाले.

पुढच्या पहाटे विरारच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि १३ रुग्ण गेले. बंदी १ मेला संपणार होती, ती १५ मेपर्यंत वाढली, मग १ जूनपर्यंत. मे महिन्याच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या व्यवस्थेकडून शिका असं दिल्लीला सांगितलं. आमच्या खोलीत कुणीतरी ते वाचून दाखवलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. अशी वेळ पुन्हा आली, आणि तुम्ही अशाच एखाद्या खोलीत फोन लावलात, तर पहिल्या वाक्यात रुग्णाचं वय सांगा, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात ऑक्सिजनचा आकडा आणि तो किती वाजता पाहिला ते. तुम्ही कुणाचे कोण, हे सगळ्यात शेवटी सांगा. नाही सांगितलंत तर उत्तमच.